चाकाखालचं घमेलं

जियालाल मागच्या चाकाशी पालथा पडून मडगार्डच्या आत निम्मा शिरला होता. बाहेर दिसत होती ती फक्त लुंगी आणि दोन पाय. एका हातात पाण्याच्या मोटारीचा पाइप, दुसऱ्या हातात दात घासायचा जुना ब्रश. चाकाच्या वरच्या त्या अंधाऱ्या पोकळीत आजवर बेडकाशिवाय कोणी डोकावलं नव्हतं. तिचा तो कोपरान् कोपरा घासत होता. गाडीच्या टपावर चिमण्यांनी केलेली घाण मात्र तशीच होती, आणि काचेवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ.

"अजी," ओसरीवरून सुखवंता म्हणाली, "लोकं गाडीचं तोंड धुतात. तुम्ही काखा काऊन धुऊन राहिले?"

"जंग लागते तिथं," जियालाल आतूनच म्हणाला.

"टपाले नाही लागत?"

जियालालने पाण्याची धार मोठी केली. उत्तर द्यायची वेळ आली की तो नेहमीच काहीतरी मोठं करत असे, कधी आवाज, कधी डोळे. आज पाणी.

पोकळीतून निघत होती ती लाल माती. अडचण तीच होती. तिरोड्याजवळच्या त्याच्या गावात माती काळी, आणि गावापासून गोंदियाच्या राईस मिलपर्यंत सगळं डांबर. काल तो घरी राईस मिलचं नाव सांगून निघाला होता. असा लाल मुरूम चाकाला चिकटतो तो देवरी ओलांडून चिचगडच्या जंगलाकडे वळल्यावर. आणि चिचगडला त्याची मुलगी रिंकी राहत होती.

दोन वर्षांपूर्वी रिंकीने चिचगडच्या पिंटू मडावीशी कोर्टात लग्न केलं. त्या दिवशी जियालाल भर चावडीवर गरजला होता, "चिचगडच्या मातीले माह्या गाडीचं चाक लागणार नाही! अन् या घरचं कोणी तिकडं पाय ठेवणार नाही!" सगळ्या गावाने ऐकलं. सुखवंतानेही ऐकलं, तिला कोणी विचारलं नाही. मुलीचं नाव त्याने घरातून असं काढून टाकलं की तेवीस वर्षं 'रिंकीची माय' असलेली बायकोही तेव्हापासून नुसती 'आयकतेस का वो' झाली.

मग या पावसाळ्यात कानावर आलं की रिंकीला मुलगी झाली. पहिल्या खेपेला जियालाल चिचगडच्या चौकातूनच गाडी वळवून परतला. दुसऱ्या खेपेला रिंकीच्या दारात गाडीत बसूनच चहा प्याला. शपथ चाकाची होती आणि ती तर मोडलीच होती, पण निदान पाय तरी वाचवले, असा त्याचा हिशेब. काल पायही गेले. नात दीड तास मांडीवर बसली आणि तिने आजोबाच्या मिशीचा एक केस उपटून घेतला.

चोराच्या मनात चांदणं. गावात कोणी चाकाखाली वाकून पाहत नाही, हे त्याला कोण सांगणार? तो दर खेपेला चाकांच्या आतून गाडी धुवायचा. या वेळी तर त्याने येताना काळ्या पॉलिशची बाटलीही आणली होती.

सुखवंता ओसरीवरून उतरली. हातात घमेलं. मागच्या दोन्ही वेळांसारखंच तिने ते चाकाखाली सरकवलं.

"अंगण आत्ताच सारवलं. चिखल याच्यात पडू द्या."

जियालालला हायसं वाटलं. हिला अंगणाची काळजी, बाकी कशाची नाही. त्याने खुशीने चारही चाकांवरचा चिखल खरवडून घमेल्यात टाकला, आत फडकं फिरवलं आणि पॉलिश लावलं. पोकळ्या नव्या छत्रीसारख्या काळ्याभोर झाल्या. तो कंबर धरून उठला.

सुखवंताने घमेल्यातलं पाणी हळूच निथळलं. एक खडाही सांडू दिला नाही. घमेलं घेऊन ती पायरीजवळच्या तेलाच्या जुन्या डब्याकडे गेली. त्यात सदाफुली लावलेली होती. जियालाल रोज त्या डब्याला ओलांडून जात असे. ती खाली बसली आणि घमेल्यातली माती ओंजळीने झाडाच्या बुंध्याशी घालू लागली.

शेजारच्या कुंड्यांत काळी माती होती. या डब्यात लाल. जवळजवळ काठापर्यंत.

जियालालच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "आयकतेस का वो... हे माती..."

"तिसरी खेप होय," ती मागे न बघता म्हणाली. "पहिल्यांदा मूठभरच निघाली. चौकातूनच परतले असाल. काल मोठे आतपर्यंत गेलते वाटते."



सुखवंताने माती तळव्याने दाबली. मग तिच्या आवाजातली मस्करी एकदम सरली. "पोरीचं तोंड तं दोन वर्षं नाही दिसलं. म्हटलं, तिच्या दारची माती तरी पाहू."

शपथ त्याने घेतली होती. मोडलीही त्यानेच, तीन वेळा. पाळली मात्र हिने एकटीने. जियालालला लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

त्याने पॉलिशची बाटली घमेल्यात टाकली. गाडीचं पुढचं दार उघडलं, खांद्यावरच्या गमछ्याने सीट दोनदा पुसली आणि दार धरून उभा राहिला.

"बस," तो म्हणाला. "अन् आल्यावर चाकं नाही धुवाची, रिंकीची माय."