एका घरी एकच तुळसी

"चपला बाहेरच काढा, मामा," तुळसी दारातून म्हणाली. "आत माती आहे. खराब होतील."

कृष्णस्वामींनी चपला काढल्या. ते असोसिएशनचे सेक्रेटरी. वेलचेरीच्या त्या इमारतीत तंजावरकडची मराठी घरं दोनच, एक त्यांचं आणि एक तुळसीचं, म्हणून कमिटीनं हे काम त्यांच्या गळ्यात घातलं होतं. आपल्या भाषेत सांगितलं की मुलगी ऐकेल, असा कमिटीचा अंदाज. मागे असोसिएशनचा माणूस पाण्याचे कॅन आणायची ढकलगाडी घेऊन उभा होता. गाडी आज रिकामी होती.

"मेसेज वाचलास नव्हे?"

"वाचला. तुळसी सोडून बाकी सगळी झाडं काढायची."

"कुंडीखालच्या बशीत डास होतात गे. कॉर्पोरेशनचे लोक येऊन माझ्यावर ओरडतात. तुळसी देवाची, म्हणून तेवढी ठेवली."

हॉलमधल्या सोफ्यावर झाडं बसली होती. तुळसी जमिनीवर बसायची, कारण सोफ्यावर आधी कोण बसलं याला तिच्या घरी महत्त्व होतं.

मामांनी उंच, ताठ पानांच्या स्नेक प्लांटकडे बोट केलं. "हिच्यापासून काढ," ते माणसाला तमिळमध्ये म्हणाले.

"ती तुळसी आहे," तुळसी म्हणाली.

मामांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "ही तुळस?"

"तुळस नव्हे हो. तुळसी. नाव आहे तिचं." तिनं मनी प्लांटच्या डोक्यावरून हात फिरवला. "ही पण तुळसी. ती कोपऱ्यातली तुळसी. पडद्यामागची जरा लाजते, पण तीही तुळसीच."

"अय्यो, सगळ्यांना एकच नाव?"

"आपल्यात थोरल्या नातीला आजीचं नाव नाही ठेवत? माझी आजी तुळसी, मी तुळसी, काकाची मुलगी तुळसी, आत्याचीही तुळसी. तुमच्या घरी काय आहे?"

"अन्नपूर्णा," मामा नाइलाजानं म्हणाले. "तिघी आहेत."

"त्यातल्या कोणाला खाली नेऊन ठेवू?"

माणसाला मराठी येत नव्हतं, पण मामांचा चेहरा वाचता येत होता. त्यानं उचललेली कुंडी परत ठेवली.

मामा सोफ्याच्या हातावर, जेवढी जागा होती तेवढीत, टेकले. "एवढ्या आणल्यास तरी कुठून?"

"पेरुंगुडीहून. आमच्या कंपनीनं मजला सोडला आणि यांना जिन्याखाली टाकून गेली. ही ताठ मानेची मार्केटिंगला होती. ती रिसेप्शनला, म्हणून सगळ्यांशी गोड. मनी प्लांट एचआरला. हिच्याशी अजून कोणी बोलत नाही."

"आणि तू?"

"मी टेस्टिंगला." तिचा आवाज तसाच राहिला. "सगळ्या एकाच शुक्रवारी निघालो. शेअर ऑटोनं आलो. ऑटोवाल्यानं प्रत्येकीला एक सीट लावली आणि मला उभं केलं."

मामांना हसायचं होतं. पण ते सेक्रेटरीही होते. त्यांनी घसा साफ केला.

"मेसेजात आणखी एक ओळ आहे. एका घरी एकच. नाव काही ठेव, मला चालेल. पण एकच. कुठली ठेवायची ते तू निवड, बाळ. एवढं मी तुझ्यावर सोडतो."

तुळसीनं सोफ्याकडे पाहिलं. कोणीच पुढे आलं नाही.

"मी निवडणार नाही," ती म्हणाली. "निवडतात कसं ते पाहिलंय मी. एका खोलीत बोलावतात, पाणी विचारतात, आणि मग सांगतात, तू चांगलीच होतीस. मी यांना तसं सांगणार नाही."

"मग कमिटीला मी काय सांगू?"

"आम्ही सगळ्या जातोय म्हणून सांगा."

तिनं स्वतःच कुंड्या उचलून गाडीवर रचल्या. स्नेक प्लांट मावेना म्हणून ती आडवी ठेवली. मग स्वतः उरलेल्या जागेत मांडी घालून बसली, मनी प्लांट मांडीवर घेतली आणि माणसाला म्हणाली, "पोलामा, अण्णा." चला.

"कुठे निघालीस?" मामा उठले.

"पार्किंगमध्ये. ते कोणाचं घर नाही. तिथे एका घरी एकच कशी लावाल?"

"तिथे गाड्या लागतात गे!"

"लागू देत. आम्ही हॉर्न वाजवत नाही."

माणसानं मामांकडे पाहिलं. मामांनी छताकडे पाहिलं. गाडी ढकलली गेली, पॅसेजमधून लिफ्टमध्ये शिरली आणि लिफ्ट भरली. माणूस बाहेरच राहिला. दार मिटायला आलं, बाहेर राहिलेल्या एका लांब पानाला टेकलं आणि परत उघडलं. पुन्हा आलं, टेकलं, उघडलं. लिफ्टमधली रेकॉर्ड केलेली बाई तमिळमध्ये दार बंद करा म्हणत राहिली. तुळसीनं दोन्ही हात मनी प्लांटभोवती ठेवले होते आणि ते तिथून हलवायचा तिचा विचार दिसत नव्हता.

माणूस पुढे झाला. त्यानं पान धरून आत वाकवायला घेतलं.

"राहू दे," मामा एकदम तमिळमध्ये म्हणाले. "मोडेल."

खालून वसंतामामींचा आवाज आला. त्या मामांच्या पत्नी. भाजीची पिशवी घेऊन तळमजल्यावर खोळंबल्या होत्या.

"अहो, लिफ्ट धरून कोण बसलंय?"

"तुळसी!" मामांनी जिन्यातून ओरडून सांगितलं.

"एकटीच ना? सांगा की तिला, बाजूला हो म्हणून!"

मामांनी लिफ्टमध्ये पाहिलं. दार आलं, पानाला टेकलं आणि उघडलं.

"एकटी नाही," ते म्हणाले. "सगळ्या आहेत. तू जिन्यानं ये."