लार्ससाहेबांचे बूट

उल्लाबाईंनी नवऱ्याचे बूट खंडू माळ्याला देऊन टाकले, आणि चिंचवड स्टेशनमागच्या त्या गल्लीत त्या दुपारी कुणाचा डोळा लागला नाही.

बूट एकटे गेले नव्हते. त्यांच्यामागून चार सदरे गेले, गादी गेली, लाकडी खाटही गेली. खंडूनं सगळं दोन्ही हातांनी घेतलं, डोळे पुसले आणि मान खाली घालून तो चालता झाला. किती साधा, कृतज्ञ माणूस, असं उल्लाबाईंना वाटलं. गोष्ट एवढीच होती, की बूट फाटले होते, खाटेत ढेकूण झाले होते आणि लार्ससाहेब नवे बूट घालून चार महिन्यांसाठी बिहारात गेले होते. कंपनीनं त्यांना यंत्रं बसवायला बायकामुलांसकट स्वीडनहून आणलं, आणि इथली यंत्रं बसतात न बसतात तोच एकट्याला तिकडे धाडलं.

गल्लीला यातलं काही ठाऊक नव्हतं. गल्लीनं पाहिलं होतं ते असं: पहाटे कंपनीची गाडी आली, गंभीर चेहऱ्याची तीन माणसं उतरली, साहेबांना घेऊन गेली आणि साहेब परत आले नाहीत. चौथ्या दिवशी बाई पांढऱ्या झग्यात. हातात बांगडी नाही, कपाळ मोकळं. तसं ते रोजच असायचं. साहेब घरात होते तोवर गल्लीनं परदेशी रीत म्हणून खपवून घेतलं होतं. पण बूट? अंथरूण? माणसाचं अंथरूण कधी देऊन टाकतात, हे गल्लीतल्या पोरासोरांनाही कळत होतं. साहेब वारले. विचारून खात्री करायची सोय नव्हती, कारण बाईंना मराठी शब्द तीनच येत: पाणी, नको आणि किती. शिवाय असलं कुणी तोंडावर विचारत नाही.

अशा घरात चूल पेटत नाही. शेजारणी कामाला लागल्या. संध्याकाळी समोरच्या सरूबाईंकडून पिठलं-भाकरी आली. गॅरेजवाल्या मन्सूरची बायको सलिमा डाळगोश्ताचं पातेलं घेऊन आली. भांडी घासणारी सोजराबाई तर दोन्ही मुलांना मांडीवर घेऊन बसली, ती उठेचना.

ते पाहून उल्लाबाईंना रडू कोसळलं, आणि गल्लीला होती नव्हती ती शंकाही फिटली.

त्यांच्या रडण्याचं कारण वेगळं होतं. रॉकेलचा स्टोव्ह त्यांना दाद देत नव्हता. दोन वर्षांची आना चार दिवस केळ्यांवर होती. चार वर्षांचा नील्स सकाळपासून दारात बसून बापाची वाट बघायचा. हरून जाऊन त्यांनी नवऱ्याला पत्र लिहिलं होतं, की हे मला जमणार नाही, मी मुलांना घेऊन मायदेशी जाते. ते पत्र पेटीत टाकायला निघणार, तोच हे पिठलं आलं. नील्सनं दीड भाकरी खाल्ली आणि आणखी मागितली. पत्र टाकायचं राहिलं ते राहिलंच. आठवड्याभरात नील्सनं त्याची होडी करून बादलीत सोडली.

चार महिन्यांत नील्सचा निळू झाला, आनाची अनू झाली. अनूला रोज सरूबाई तेल लावून न्हाऊ घालायच्या. निळू सलिमाच्या मुलांबरोबर गॅरेजात लोळून काळाकुट्ट होऊन यायचा. एखाद्या घरचा डबा तर रोज यायचाच. उल्लाबाई भाकरी थापायला शिकल्या. ती खाणारा एकटा निळूच होता, हा भाग निराळा. मराठीही शिकल्या, आणि ती थेट सोजराबाईच्या तोंडची.

मग तार आली. साहेब परवा येताहेत, हे सांगायला कंपनीचे हेडक्लार्क नानासाहेब स्वतः आले. ओट्यावर सरूबाईंचा डबा बघून त्यांनी चौकशी केली, गल्लीत दोन शब्द बोलून आले आणि हसता हसता त्यांना चष्मा पुसावा लागला. गल्लीनं काय समजून हे डबे सुरू केले, ते त्यांनी इंग्रजीत सविस्तर समजावलं; गल्लीला खरं सांगायचं काम मात्र बाईंवरच सोडलं.

उल्लाबाईंना मुळीच हसू आलं नाही. मेलेल्या माणसाच्या नावानं आपण चार महिने जेवलो. परवा तो माणूस धडधाकट गाडीतून उतरणार, आणि मग या बायका आपल्याला काय म्हणतील? लबाड म्हणतील, दारं लावून घेतील. साहेब काय, महिन्याभरात पुन्हा फिरतीवर जातील. अनूला तेल लावणारे हात मात्र परत यायचे नाहीत.

त्यांनी तिघींना ओट्यावर बोलावलं, कॉफी दिली आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

"माजा नवरा जित्ता हाय."

तिघी कॉफी पीत राहिल्या. सरूबाईंनी तेवढी आणखी साखर मागितली.

"ठावं हाय की," सोजराबाई म्हणाली. "धाव्या दिशी मी इचारायला आले हुते, म्होरलं कसं करायचं म्हणून. तर तुमी पोरांना घिऊन नाचत हुता. टेबलावर टपालातनं आल्याला सायबाचा फोटू, नवं बूट घातल्याला."

उल्लाबाईंनी साखरेचा डबा सरूबाईंपुढे ठेवला. मग इतके महिने डबे कशासाठी, असं त्यांनी कसंबसं विचारलं. आमच्यात तर तीनच दिवस पाठवतात, असं म्हणून सलिमा पदराआड हसायला लागली.

सोजराबाईनं कप खाली ठेवला आणि पेंगुळलेल्या अनूला खांद्यावर घेतलं.

"गेलेल्याच्या घरी धा दिस धाडायचं असतं, बाई," ती म्हणाली. "फिरतीवरल्याच्या घरी, त्यो येईस्तवर."