पंखा पाचवर

मला खोली भाड्याने देणाऱ्या शशीकाकू माझ्या पंख्याचं बटण दोनच्या पुढे जाऊ नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावत होत्या. वीज कार्यालयातून आणलेला दरांचा कागद मी त्यांच्यापुढे धरला.

“काकू, वीज आयोगाने ठरवलेल्या दरापेक्षा जास्त घेता येत नाही. तुम्ही युनिटला पंधरा रुपये घेता. इथे निम्मेसुद्धा नाहीत.”

चष्मा लावून त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं. आता माझं सामान बाहेर फेकतील असं मला वाटलं.

“हा दर सगळ्यांना?”

“सगळ्यांना.”

“मग वरचा मालक नऊ वर्षं माझ्याकडून चौदा का घेतोय?”

घर त्यांचंही भाड्याचंच होतं, हे मला तेव्हा कळलं.

त्यांनी चिकटपट्टी ओढून काढली, पंखा पाचवर सोडला आणि पायात चपला सरकवल्या.

“चल वर. माझ्याशी बोललीस ना, अगदी त्याच आवाजात बोलायचं.”