पायातलं पायताण

सासऱ्यांसमोरून चालताना सुनेनं पायताण काढून हातात धरायचं, ही आमच्या गल्लीची रीत. एका हातात पायताण, कडेवर बाळ. बाळ निसटेल या धास्तीनं माझा जीव रोज अर्धा व्हायचा.

यजमान जावा बेटावर साखरेच्या कारखान्यात होते. त्यांना भेटायला मामंजी बाळाला आणि मला आगबोटीनं घेऊन गेले. तिथल्या धुमसत्या ज्वालामुखीवर एक वाटाड्या लोकांना पायी फिरवून आणायचा. आम्हीही निघालो आणि सवयीनं मी पायताण काढलं. वाटाड्या ओरडलाच, राख तापलेली होती.

मामंजी वळले. "घाल पोरी. आन् नातवाला दोन्ही हातानं धर."

वरपर्यंत मी त्यांच्या पुढं चालले.

महिन्यानं कोल्हापुरात टांगा गल्लीच्या तोंडाशी थांबला. उतरून मी पायताण काढायला वाकले.

"परदेश बघून आली, तरी रीत सोडली न्हाय बघा सुनेनं," शेजारच्या बनाबाई कट्ट्यावरून कौतुकानं म्हणाल्या.

"ऱ्हाऊ दे पायात," मामंजी साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. "जळत्या डोंगरावर माझी अब्रू जळली न्हाय, ती हितं काय जळतीया?"