वेस टॉलिव्हरसमोर

“मग राज, आता तूच निकाल दे,” हॅरल्ड म्हणाला आणि टेबलावरचे सगळे धर्मराजकडे वळले.

१९८५ साली बर्फ वितळल्यापासून अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या त्या ऑफिसच्या कँटीनमध्ये रोज जेवताना हाच वाद चालला होता. कॉलेज बेसबॉलमधला आजवरचा सगळ्यात मोठा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, कोण? तरुण जिमला हल्लीचा, टीव्हीवर पाहिलेला एक उंच डावखुरा पोरगा पसंत होता. त्याचा बॉल म्हणे डोळ्याला दिसतच नाही. पुण्याचा प्रसन्न बहुतेक वेळा जिमची री ओढायचा. रिटायरमेंटला आलेला हॅरल्ड मात्र एकाच नावावर अडून होता. वेस टॉलिव्हर. दक्षिणेकडच्या राज्यातल्या, हॅरल्डच्याच कॉलेजचा, महायुद्धाच्या आधीचा. वेसची एकेक मॅच त्याला तोंडपाठ होती.

धर्मराज आजवर नुसता ऐकत आलेला. कोपऱ्यातल्या टेबलावर एकटाच डबा खात बसायचा, तेव्हा हॅरल्डनेच त्याला हाताला धरून इथे आणलं होतं. मीठ-मिरीच्या बाटल्या मांडून खेळ समजावून दिला होता. पण त्याला काय वाटतं, हे आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं.

त्याला बरं वाटलं. ‘वेस’ एवढंच म्हणून मोकळं होता आलं असतं, आणि म्हातारा खूशही झाला असता. पण विचारलंच आहे, तर मनातलं सांगायला हवं असं त्याला वाटलं.

“वेस मोठाच असणार,” तो जपून म्हणाला. “पण हॅरल्ड, एक विचारू? तुमच्या त्या काळात वेससमोर बॅट घेऊन कुणालाही उभं राहता यायचं? म्हणजे, काळ्या मुलांना?”

टेबलाखालून प्रसन्नचा पाय त्याच्या पायावर पडला.

“अरे, आपण बेसबॉलबद्दल बोलतोय,” जिम हसून म्हणाला.

हॅरल्ड हसला नाही. रुमालाने त्याने बोटं पुसली, एकेक करून. “नाही,” तो म्हणाला. “नाही यायचं.” आणि अर्धं सँडविच तसंच कागदात गुंडाळून तो उठून गेला.

संध्याकाळी दोघं प्रसन्नच्या गाडीतून घरी निघाले. हायवेला लागल्यावर प्रसन्न म्हणाला, “काय गरज होती, यार? इतकं छान चाललं होतं. तू ना, प्रत्येक गोष्टीत तेच आणतोस.”

“तेच म्हणजे काय?”

प्रसन्नने रेडिओ लावला. मागच्या रविवारी एका बेसमेंटमध्ये आंबेडकर जयंती झाली होती. धर्मराजने त्याला अगत्याने बोलावलं होतं, तेव्हाही तो असाच, नेमका बिझी निघाला होता.

त्यानंतर टेबलावर कुणी पिचरचं नाव काढलं नाही. हवा, घरासमोरचं लॉन, नव्या गाडीचं मायलेज. धर्मराज आला की खुर्च्या सरकवून त्याला जागा दिली जायची, “हाय राज” म्हटलं जायचं. कुणी वावगं वागत नव्हतं. तक्रार करावी असं काही घडतच नव्हतं. हॅरल्डही असायचा, पण मान खाली घालून जेवायचा. काही दिवसांनी धर्मराज आपला डबा घेऊन पुन्हा कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेला. त्याला परत कुणी बोलावलं नाही.

अपार्टमेंटमध्ये तो आता कॉलेजच्या मॅचची कॉमेंट्री लावायचा. भाताला वाफ येईपर्यंत ऐकायचा. हा पोरगा त्या अमक्यापेक्षा सरस आहे, त्याच्या मनात यायचं. जिमला सांगितलं असतं तर जिम खवळला असता. हॅरल्डने हात झटकून ‘हॅ!’ केलं असतं. तो वाद इतका आवडता झालाय, हे त्याला आत्ता कळत होतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी त्याच्या टेबलापाशी कुणीतरी येऊन थांबलं. हातात ट्रे घेऊन हॅरल्ड उभा होता.

“आमच्या मैदानाचं गवत कापायला एक माणूस यायचा,” काहीच प्रस्तावना न करता तो म्हणाला. “काळा. माझ्याहून थोडा मोठा असेल. एका संध्याकाळी मैदानावर कुणी नव्हतं. वेसने गंमत म्हणून त्याच्या हातात बॅट दिली. पहिला बॉल त्याच्या बॅटला लागला नाही. दुसरा त्याने पाइनच्या झाडांपलीकडे घालवला. मग वेस इरेला पेटला. होतं नव्हतं ते सगळं टाकलं त्याने. एकेक बॉल झाडांपलीकडे. बघायला फक्त मी होतो.” तो थांबला. “त्यानंतर वेसने मला शपथ घातली. आजवर मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही.”

धर्मराजने डबा बाजूला केला. “नाव काय होतं त्याचं?”

हॅरल्डने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग ट्रे टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून धर्मराजच्या समोर बसला. पलीकडच्या टेबलावर जिम आणि प्रसन्न कशावरून तरी मोठ्याने हसत होते. हॅरल्ड खिडकीबाहेर पाहत राहिला. त्याचे ओठ हलत होते, एकेक नाव लावून बघत असावा. समोरचं सूप गार होऊन गेलं.

“रोज हाक मारायचो आम्ही त्याला,” शेवटी तो म्हणाला. “पण नावाने नाही.”