डोंगरी तांबटाचं विलीनीकरण

सकाळी वर्गीकरण यंत्रानं डोंगरी तांबट पक्ष्याला मैदानी तांबटात विलीन केलं आणि दुपारी त्याचं जंगल तोडायला गाड्या आल्या. वनरक्षक भागोजी गावडे उंबराला पाठ लावून उभा राहिला.

“मॅडम, हा पक्षी इथलीच उंबरं खातो. मैदानात जाऊन काय खाणार?”

“दोघांच्या जनुकांतला फरक अर्ध्या टक्क्याहून कमी आहे,” वर्गीकरण अधिकारी कुमुद साठ्ये म्हणाल्या. “तेवढ्यासाठी वेगळं जंगल देता येत नाही. नियम सगळ्यांना सारखा.”

“सगळ्यांना?” भागोजीनं विचारलं. “गेल्या महिन्यात आमच्या वाडीचीही थुंकी तपासायला नेली होती.”

कुमुदबाईंनी यादी पाहिली आणि प्रेमानं हसल्या.

“अभिनंदन, गावडे. तुमची वाडी पुणेकरांत विलीन झाली. पाचला बस येईल, फक्त कपडे घ्या.”