पंचावन्न लिटरचं शुल्क

शेठ हेमचंद्रांनी आपलं कुलूप उघडलं, मग इन्स्पेक्टर कमलाकांतनं सरकारी. स्पिरिटच्या गोदामाला दोन कुलुपं असतात. एकट्याला आत जाता येऊ नये आणि सरकारचं शुल्क बुडू नये, म्हणून.

अमरावतीहून तपासणीला आलेले नारायणराव दाराशी बसलेल्या बाईकडे पाहत थबकले.

“पार्बताबाई. श्रावणची बायको,” कमलाकांत म्हणाला. “नऊ दिवस झाले, रोज येऊन बसते.”

श्रावण इथला हमाल. अंगानं काडी, म्हणून टाकी रिकामी झाली की वरच्या झाकणातून धुवायला त्यालाच उतरवत. शेठच्या अर्जाप्रमाणे, माल मोजायच्या दिवशी शेठ आणि कमलाकांत या दोघांची पाठ वळताच त्यानं दोनशे लिटर स्पिरिट पिंपात भरून लांबवलं आणि पोबारा केला. चोरीला गेलेल्या मालावरचं शुल्क माफ करा, अशी शेठची विनंती होती. दारूबंदीच्या त्या दिवसांत औषधवाल्यांसाठी आणलेलं स्पिरिट चोरबाजारात सोन्याच्या भावानं जाई. अकोल्यात कोणालाही ही गोष्ट पटण्यासारखी होती.

नारायणरावांना पटली नव्हती. पंचवीस वर्षं ठोक व्यापाऱ्यांकडून शुल्क वसूल करून त्यांचा माणसांवरचा विश्वास पार उडाला होता. ते स्वतः शिडी चढले, मापाच्या भोकातून काठी आत सोडली आणि तिच्यावरची ओली खूण पाहिली. काचेच्या नळीनं तीव्रताही तपासली. पाण्याचा थेंब मिसळलेला नव्हता.

“एकशेपंचेचाळीसच कमी आहे, शेठ. दोनशे नाही. पंचावन्न लिटर तुम्ही फुगवून लावलेत.”

शेठनं खिशातून रुमाल काढला. कपाळ पुसलं.

“चूक झाली, साहेब. पंचावन्नाचं शुल्क आत्ताच भरतो. आजच्या आज.”

हेच शेठ गेल्या साली तीन लिटर गळतीसाठी थेट मुंबईपर्यंत अर्ज करत गेले होते. लबाडी पकडली गेली की माणूस कसा मऊ पडतो, असं म्हणत नारायणराव मनातून खूश झाले. चलन लिहून त्यांनी सही ठोकली.

बाहेर येताच बाई उठली.

“साहेब, माया मानूस सापडला का?”

“नाही, बाई. पण ते म्हणतात तेवढी चोरी झालेली नाही.”

“तेवढी बी नाही अन् थोडी बी नाही!” ती उसळली. “सारे चोर म्हनून राहिले त्याले. पोरीची हिवरखेडची सोयरीक मोडून राहिली. काहून केली असन त्यानं चोरी? त्याच्या आठ दिस आधीच मले म्हने, शेठचे पिंपं बिनपावतीनं भायेर जातात, मी मोठ्या साहेबाले सांगतो.”

नारायणराव तिच्याकडे पाहतच राहिले. हे अर्जात नव्हतं.

“अन् दोनशे लिटरचं पिंप थो उचलन कसा, तुमीच सांगा,” बाईला रडू आवरेना. “बाजारात नवा किलोचा काटा आला, तवा गंमत म्हून उभा रायला होता त्याच्यावर. सारे हासले जी. पंचावन किलो भरला.”

“किती?”

“पंचावन. कपड्यानिशी.”

नारायणरावांनी हातातल्या चलनावरचा आकडा पाहिला: पंचावन्न लिटर. पाणी तर मिसळलेलं नव्हतं; मग टाकीतली पातळी तेवढी वर उचलली कशानं? मागे दोघे आपापली कुलुपं लावून नुकतेच वळले होते.

“दार पुन्हा उघडा,” नारायणराव म्हणाले. “टाकी उपसायची आहे.”

शेठनं कमलाकांतकडे पाहिलं, कमलाकांतनं शेठकडे. किल्ली कोणीच काढली नाही.